सामंताची शपथ वर्गात दाखवायची, तर ब्रुज की अमिअँ?

युरोपातली सरंजामशाही शिकवताना फळ्यावर राजा, सरदार, शेतकरी असा त्रिकोण काढला की मुलं जांभया देतात. त्यापेक्षा सामंतानं धन्यापुढे निष्ठा वाहिल्याचा एक खरा प्रसंग वर्गात उभा करावा. माझ्या मते निवड दोहोंत आहे: ११२७ चं ब्रुज (आजच्या बेल्जियममधलं शहर) किंवा १३२९ चं अमिअँ (उत्तर फ्रान्समधलं).

ब्रुजमध्ये सगळे टप्पे क्रमानं मिळतात. ब्रुज ज्या प्रांतात होतं त्या फ्लँडर्सचा काउंट, म्हणजे तिथला सत्ताधीश, चार्ल्स मार्चमध्ये चर्चमध्ये प्रार्थना करतानाच मारला गेला. त्याच्या गादीवर विल्यम क्लिटो आला आणि एप्रिलमध्ये सरदार त्याच्यापुढे हजर झाले. गॅल्बर्ट या तिथल्याच लेखनिकानं ते टिपून ठेवलंय. काउंट विचारतो, पूर्णपणे माझा माणूस होणार का? सामंत होकार देऊन जोडलेले हात पुढे करतो, काउंट ते आपल्या हातांत धरतो, मग चुंबन. पुढे निष्ठेचं तोंडी वचन, संतांच्या अवशेषांवर शपथ, आणि शेवटी काउंट हातातल्या छडीनं जहागीर बहाल करतो. दोन मुलं आणि एक पट्टी, एवढ्यात भागतं. (चुंबनाला हशा पिकणारच, ते तोंडीच सांगा.)

पण खरी गंमत पुढच्या वर्षी. क्लिटोनं शहरांना दिलेला शब्द मोडला म्हणून ११२८ मध्ये गेंटला इवान नावाच्या सरदारानं त्याला तोंडावर सुनावलं, आणि ब्रुजनं गादीचा दुसरा दावेदार थिएरी याला काउंट मानलं. बांधिलकी दोन्ही बाजूंची होती, हे मुलांना व्याख्येविना कळतं.

अमिअँला पाहण्यासारखं कमी, भांडण्यासारखं जास्त. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड हा नैऋत्य फ्रान्समधल्या अ‍ॅक्विटेनचा ड्यूक म्हणून फ्रान्सच्या सहाव्या फिलिपचा सामंत. म्हणजे एक राजा दुसऱ्याचा माणूस होणार! ही निष्ठा साधी की सर्वांत आधी फ्रान्सच्या राजाशीच बांधणारी, हे एडवर्डनं मोघम ठेवलं. १३३१ मध्ये त्यानं दुसरा अर्थ लेखी मान्य केला. १३३७ मध्ये फिलिपनं अ‍ॅक्विटेन जप्त केलं आणि शंभर वर्षांचं युद्ध पेटलं. हे समजायला नकाशा लागतो, वंशावळ लागते. कॉलेजात चालेल, आठवी-नववीत तास त्यातच संपेल.

शाळेसाठी मी ब्रुजच घेईन. मात्र तोच क्रम साऱ्या युरोपात पाळला जाई, असं सांगू नका. प्रांतागणिक आणि शतकागणिक रीत बदले.