वॉटरफॉल, स्क्रम, कानबान: छोट्या टीमनं काय मिसळावं, काय नाही

बेळगावात सहा-आठ जणांची सॉफ्टवेअर टीम चालवायची म्हणजे एकाच छपराखाली तीन तऱ्हेची कामं. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीचं (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचं) ठरीव रकमेच्या कोटेशनवर घेतलेलं काम, पुण्या-बेंगळुरूकडून आलेलं महिन्याच्या बिलावरचं काम, आणि जुन्या गिऱ्हाइकांचे ‘जरा बघा की, रिपोर्टच येईना झालाय’ असले फोन. या तिन्हींना एकच पद्धत लावली की कुठंतरी ताणतं. म्हणून वॉटरफॉल, स्क्रम आणि कानबान या काम चालवायच्या पद्धती मिसळाव्याच लागतात. कशा मिसळायच्या हे ठरवताना मी एकच गोष्ट आधी विचारतो: मधेच काही बदललं तर त्याचे पैसे कोण देणार?

वॉटरफॉलला नावं ठेवायची हल्ली रीत झालीय. गरजा लिहून सही घ्यायची, मग डिझाइन, मग कोड, मग टेस्टिंग. गंमत म्हणजे ज्या १९७० च्या लेखाला या पद्धतीचं मूळ मानतात, त्यात तो लिहिणाऱ्या संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनीच हा सरळ उतरता क्रम धोक्याचा असल्याचं लिहिलंय. ‘वॉटरफॉल’ हा शब्द तर त्यात कुठंच नाही. तरीही साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर घ्या. गळीत हंगाम एकदा सुरू झाला की उसाच्या गाड्या रात्रंदिवस रांगेत उभ्या, तेव्हा तिथं नवीन काही चढवायची छाती कुणाची होत नाही. जे काय करायचं ते हंगामाआधी, मोजून, तपासून. तारीख आणि किंमत दोन्ही पक्क्या असतील तर ‘काय करणार, काय नाही करणार’ याचा सही केलेला कागद हवाच.

स्क्रम याच्या उलट्या बाजूचा. महिन्याभराहून मोठा नसलेला स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरलेल्या मुदतीचा टप्पा, रोज १५ मिनिटांची गाठ, शेवटी रिव्ह्यू, म्हणजे गिऱ्हाइकाला चालू माल दाखवायचा. काय बनवायचं हेच अजून नीट ठरलं नसेल तर याला तोड नाही. पण त्याला प्रॉडक्ट ओनर लागतो, म्हणजे ‘हे आधी, ते नंतर, ते नकोच’ असं सांगणारा एक माणूस. आपल्याकडच्या कारखान्यात मालक सांगतो एक, अकाउंटंट दुसरं आणि सुपरवायझर तिसरंच.

इथं मी स्वतः हात पोळून घेतलाय. एका फाउंड्रीचं काम ठरीव रकमेवर घेतलं आणि वर हौसेनं दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट लावले. प्रत्येक रिव्ह्यूला मंडळी खूश, आणि प्रत्येक रिव्ह्यूला ‘तेवढं हीट नंबरवरून रिजेक्शन दिसू दे की’ (भट्टीच्या कोणत्या घाण्यातले नग बाद झाले ते) अशी एक नवी भर. स्क्रम बदलाचं स्वागत करायला शिकवतो आणि आमचं कोटेशन बदलाला एक पैसा देत नव्हतं. पाचव्या स्प्रिंटपर्यंत पैसे संपले, काम उरलं. चूक गिऱ्हाइकाची नव्हती. दोन पद्धती मिसळताना त्यांच्यातला सांधाच आम्ही विसरलो होतो. आता कागदावर एक ओळ असते: नवीन काही आलं तर तेवढ्याच मापाचं जुनं काही बाहेर जाईल, नाहीतर वेगळं बिल.

कानबान मात्र उद्यमबागेत समजावून सांगावा लागत नाही. त्याचं मूळच टोयोटाच्या कारखान्यात, तिथले इंजिनिअर ताइची ओनो यांच्या कामात. मोल्डिंग (साचे बनवणं) जोरात चाललंय आणि फेटलिंगला (ओतलेले नग साफ करायला) ढीग साचलाय, हे चित्र फाउंड्रीवाल्यानं रोज पाहिलेलं असतं. सॉफ्टवेअरमध्ये तो ढीग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सगळी कामं मांडलेली पाटी लावायची आणि हातात एका वेळी किती कामं याला मर्यादा घालायची. हिशेब सोपा आहे. आठवड्याला सरासरी ३ कामं संपत असतील आणि १२ उघडी असतील, तर एका कामाला सरासरी चार आठवडे लागणार. संपवायचा वेग तोच ठेवून उघडी कामं ६ वर आणली तर दोन. सपोर्टच्या फोनांना हेच बरं पडतं, कारण त्यांना स्प्रिंट संपेपर्यंत थांबायला सांगून चालत नाही.

मिसळण्याबद्दल दोन्हीकडचं म्हणणं वेगळं आहे. २०२० ची स्क्रम गाइड, म्हणजे स्क्रमची अधिकृत पुस्तिका, सांगते की स्क्रमचे तुकडे उचलता येतील, पण मग त्याला स्क्रम म्हणू नका. कानबानवाले म्हणतात, आज जे करताय तिथूनच सुरुवात करा. मला आपली बेळगावी बोली आठवते. आपण कन्नड शब्द बिनदिक्कत घेतो, पण वाक्य मराठीच्याच चालीनं चालतं. पद्धतीतही एक व्याकरण ठरवा, बाकीच्यांकडून शब्द घ्या.

ठरीव रकमेच्या कामात कणा वॉटरफॉलचा ठेवा आणि स्क्रममधून फक्त दर पंधरवड्याला दाखवणं उचला, तेही चुका लवकर कळाव्यात म्हणून. महिन्याच्या बिलावर कणा स्क्रमचा, पाटीवर कानबानची मर्यादा. सपोर्टला निव्वळ कानबान. तिथं स्प्रिंट, पॉइंट (कामाच्या मापाचे आकडे) काही नको. फार तर एक माणूस आठवडाभर फोनांसाठी राखून ठेवा, आठवड्याला आलटून-पालटून. नाहीतर स्प्रिंटमधल्या प्रत्येकाचं डोकं दिवसातून चारदा फुटतं.

रोजची उभी मीटिंग सगळ्यांची एकत्र घ्यायचा मोह होतो. आम्ही घेतली. चहा आला, खुर्च्या आल्या, पाऊण तास गेला. आता ज्याची त्याची पाटी, जो तो तिथंच उभा.

आणि बाहेरच्या कंपनीचं काम असेल, त्यांचा स्क्रम त्यांच्या ‘जिरा’ (Jira) या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर आधीच नीट चाललेला असेल, तर त्यांचंच मुकाट्यानं पाळा. दोन ठिकाणी कामांची तीच कार्डं सरकवत बसलात तर त्यातलं एक ठिकाण महिन्याभरात खोटं बोलायला लागतं.