कमरेवरचा बीएल २३: सुईला गुण, तक्त्याला नाहीत

शरीरशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेलं. त्यामुळे सुई कुठे, किती खोल आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय मी पालथी पडणार नव्हतेच. माझ्या कंबरदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या बाईंनी न वैतागता सगळं सांगितलं. अर्धे गुण तिथेच दिले.

टोचायच्या बिंदूचं नाव शेनशू, क्रमांक बीएल २३ (बीएल म्हणजे ब्लॅडर, मूत्राशयाच्या नावाची रेषा). कमरेच्या दुसऱ्या मणक्याचं मागचं टोक जिथे संपतं त्या पातळीवर, मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना दीड-दीड त्सुन. त्सुन हे माप ज्याचं त्याचं असतं: रुग्णाच्याच अंगठ्याच्या सांध्याची रुंदी म्हणजे एक. बाईंनी आधी कमरेच्या हाडांच्या वरच्या कडा चाचपल्या, त्या पातळीवरचा चौथा मणका धरला आणि तिथून वर मोजत गेल्या. नुसत्या नजरेने टोचणाऱ्याच्या हाती मी पाठ दिली नसती. सुई थोडी बाहेरच्या बाजूला आणि खोल गेली, तर तिथे मूत्रपिंड आहे. ती कण्यालगतच्या जाड स्नायूतच राहायला हवी.

पाकीट माझ्यासमोर फोडलं, सुया एकदाच वापरायच्या. टोचल्याचं फारसं कळत नाही. पण सुई हलकेच फिरवली, की आत एक जड, बोथट कळ उठते आणि माकडहाडाकडे पसरत जाते. ही मंडळी तिला 'दे-ची' म्हणतात आणि तिची वाटच बघत असतात. पालथं पडून मान मात्र अवघडली. चेहऱ्यासाठी पोकळी असलेली उशी ठेवायला काय हरकत होती?

सकाळी उठताना कंबर धरायची, ते बरंच उतरलं. पेपर तपासायला बसलं की अजून ठणकतं. चालणं आणि व्यायामही सुरू होते, तेव्हा सगळं श्रेय सुईला देता येत नाही. "मॅडम, जागा अचूक आहे म्हणूनच बरं वाटतंय," असं बाई म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना २००७ साली प्रसिद्ध झालेली जर्मनीतली चाचणी सांगितली. जुनी कंबरदुखी असलेले ११६२ जण. सहा महिन्यांनी फायदा दिसला तो खऱ्या बिंदूंवर टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना, आणि औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी २७.४ टक्क्यांना. टोचून घेणं उपयोगी पडलं, बिंदूची अचूकता फारशी नाही. बाईंना हे आवडलं नाही. तज्ज्ञांचंही एकमत नाहीच: ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला अ‍ॅक्युपंक्चर देऊ नका म्हटलं, तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये ते औषधांआधीच्या पर्यायांत ठेवलं.

भिंतीवरचा तक्ता मात्र मला पटला नाही. कानातला आवाज, वारंवार लघवी, पाळीच्या तक्रारी, पुरुषांचं दौर्बल्य, सगळं या एका बिंदूच्या खात्यावर. चिनी परंपरा त्याला मूत्रपिंडाशी जोडते, म्हणून ही यादी. पण रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेल्याने, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण असलेल्याने, इथे पालथं पडून वेळ घालवू नये. पायातली ताकद जात असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर सुईचा विचारही न करता थेट हॉस्पिटल गाठावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील तर आधी सांगावं. मला ते विचारलं गेलं नाही, मीच विषय काढला. तेवढ्यासाठी एक तारा कमी.