‘भादरायचं नसतंय’ : सांगलीतील एका ग्रूमिंग दुकानाचा दीड वर्षाचा अनुभव

सांगलीच्या विश्रामबाग भागात कुत्र्यांना आंघोळ घालणे, केस विंचरणे आणि नखे कापणे अशी कामे करणारे दोन खोल्यांचे एक छोटे दुकान आहे. गेल्या वर्षीच्या मार्चपासून आतापर्यंत आमच्या बर्फीला, म्हणजे साडेतीन वर्षांच्या सायबेरियन हस्की मादीला, मी तेथे सात वेळा नेले आहे. चांगल्याबरोबर काही उणिवाही लिहायच्या असल्यामुळे दुकानाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. हस्की किंवा तशाच दाट केसांचा कुत्रा घरी असणाऱ्यांना ग्रूमिंगचे दुकान निवडताना काय पाहावे, हे या अनुभवावरून कळावे एवढाच हेतू आहे.

बर्फी आमच्याकडे आली ती आमच्या इच्छेने नव्हे. मुलाने पुण्यात फ्लॅटमध्ये राहत असताना हौसेने पिल्लू घेतले, पुढे त्याची नोकरी परदेशात गेली आणि एकोणीस किलोचे हे निळ्या डोळ्यांचे जनावर आमच्या दारात उतरले. ईशान्य सायबेरियातील चुकची लोकांनी बर्फावरून घसरगाड्या ओढण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली ही जात. तिला एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकणाऱ्या सांगलीत ठेवणे योग्य आहे का, असे कोणी विचारले तर मी ‘नाही’ असेच उत्तर देईन. पण आलेल्या जिवाला परत कोठे पाठवणार? गल्लीतील मुले पहिले काही दिवस ‘आजी, लांडगा पाळलाय का?’ असे विचारत होती, आणि पहाटे पाच वाजता बर्फीने सूर लावला की मलाही तोच प्रश्न पडत असे.

पहिल्याच उन्हाळ्यात घरभर केसांचे पुंजके उडू लागले, बर्फी दिवसभर न्हाणीघराच्या फरशीवर पडून धापा टाकू लागली, आणि शेजारपाजारच्या सगळ्यांनी एकमुखाने सल्ला दिला की हिचे केस बारीक करून टाका. आम्हालाही ते पटले. सांगलीतच एका ठिकाणी ‘पूर्ण मशीन मारून देतो, अर्ध्या तासाचे काम आहे’ असे सांगितले गेले होते, मात्र त्या दिवशी त्यांची वेळ मिळाली नाही म्हणून आम्ही या दुकानात गेलो. मालकांनी बर्फीच्या पाठीवरचे केस दोन बोटांनी फाकून पाहिले आणि म्हणाले, “काकी, याचं भादरायचं नसतंय. तुम्ही डबल पैसे दिलासा तरी मी मशीन लावणार नाही.”

ग्राहक पैसे देऊन एक काम मागतो आहे आणि दुकानदार ते काम नाकारतो आहे, असा प्रसंग माझ्या वाट्याला क्वचितच आला आहे. मला थोडा रागही आला. त्यावर त्यांनी जे समजावून सांगितले, ते पुढे आमच्या पशुवैद्यांनीही तंतोतंत खरे असल्याचे सांगितले. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला थर मऊ, दाट आणि लोकरीसारखा असतो, तर बाहेरचे केस लांब, सरळ आणि थोडे राठ असतात. वर्षातून साधारण दोनदा आतला थर मोठ्या प्रमाणावर गळतो. तो गळून मोकळा झाला की बाहेरच्या केसांखाली हवा खेळते आणि कातडीवर थेट ऊन पडत नाही. भादरल्यावर मात्र हस्कीची फिकट कातडी उन्हात उघडी पडते आणि भाजण्याची भीती राहते. शिवाय कापलेले केस पुन्हा सरळ येतीलच असे नाही. कधी ते वर्षभर येत नाहीत, कधी ठिगळे लावल्यासारखे येतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो, त्यामुळे केस काढल्याने त्याला आपल्यासारखे हायसे वाटेल हा समजच मुळात चुकीचा आहे. त्रास देतो तो गळलेला पण बाहेर न पडता आत अडकून गच्च झालेला थर. तो काढणे हेच खरे काम, आणि ते अर्ध्या तासात होत नाही.

त्या दिवशी ते काम तीन तास चालले. प्रथम कोरड्या अंगावरच लांब दातांच्या फणीने, ज्याला ते ‘रेक’ म्हणतात, मांड्या, मान आणि शेपटीच्या बुडाचे केस मोकळे केले. मग कुत्र्यांच्या शॅम्पूने दोनदा आंघोळ घातली. माणसांचा शॅम्पू आमच्या घरी वापरला जात होता हे ऐकून मालकांनी कपाळाला हात लावला, कारण कुत्र्याच्या कातडीची आम्लता माणसापेक्षा कमी असते आणि आपला शॅम्पू तिला कोरडी पाडतो. त्यानंतर खरा प्रकार सुरू झाला. जोरदार पण गरम नसलेली हवा सोडणारा ब्लोअर त्यांनी केसांच्या मुळाशी धरला आणि खोलीत अक्षरशः कापसाच्या गिरणीसारखे दृश्य दिसू लागले. बर्फीने सुरुवातीला आकांत केला. दुकानातील मदतनीस मुलाने तिच्या कानांवरून कापडी पट्टी घातली, ब्लोअर बंद करून तिला पाच मिनिटे बसू दिले आणि पुन्हा मागच्या पायापासून सुरुवात केली. गुंगीचे औषध देण्याचा विषयसुद्धा निघाला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते; ‘थोडं झोपेचं देऊ या’ असे जेथे सहज म्हटले जाते, तेथून कुत्रा घेऊन सरळ बाहेर पडावे, कारण तो निर्णय पशुवैद्याचा असतो. शेवटी खताच्या रिकाम्या पोत्यात निम्म्यापर्यंत भरतील इतके केस निघाले. बर्फी घरी आली ती जणू दोन किलोंनी हलकी होऊन, आणि त्या रात्री ती प्रथमच पंख्याखाली आडवी पसरून झोपली.

या दुकानाची मला सर्वांत जास्त भावलेली गोष्ट केसांशी संबंधित नाही. पहिल्या भेटीत लसीकरणाची वही पाहून झाल्यावर मालकांनी जे प्रश्न विचारले, त्यांत एक प्रश्न असा होता : “घरात बेदाणा असतोय का?” माझे माहेर तासगाव तालुक्यातले. भावाची द्राक्षबाग आहे आणि दरवर्षी हंगाम संपला की बेदाण्याचा डबा आमच्याकडे येतोच. नात बर्फीला ‘शेक हँड’ शिकवताना बक्षीस म्हणून चार-दोन बेदाणे देत असे. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी करू शकतात, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. कोणत्या कुत्र्याला किती बाधेल याचा भरवसाच नाही. विषबाधा घडवणारा घटक टार्टरिक आम्ल असावा, असा पशुवैद्यकांचा अलीकडचा कल आहे, आणि सुकवलेल्या बेदाण्यात फळाचे सारे काही एकवटलेले असल्याने तो ताज्या द्राक्षापेक्षाही घातक. चॉकलेट, कांदा आणि लसूण यांची यादी बहुतेक ठिकाणी मिळते. पण ज्या जिल्ह्यात पाहुण्यापुढे चहाआधी बेदाण्याची वाटी येते, तेथे बेदाण्याबद्दल आधी विचारणारा माणूस आपल्या गिऱ्हाइकांची घरे ओळखून आहे असे म्हणावे लागेल. आमचा डबा त्या दिवसापासून फडताळाच्या वरच्या कप्प्यात गेला.

नखे आणि कान यांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. नखातील जिवंत भाग न दुखावता दोघांनी मिळून ती नीट कापली. बर्फी त्या वेळी जे ओरडते ते ऐकून रस्त्यावरचे लोक थांबतात, पण रक्त कधी आले नाही. गोचिडी मात्र ते बोटांच्या बेचक्यांत आणि कानांच्या आत बारकाईने शोधतात. आमच्या भागात गोचीड-तापाने कुत्री दगावतात, त्यामुळे या बारकाईचे मोल मोठे आहे.

आता उणिवा. गेल्या वर्षी जुलैमध्ये, सलग पाऊस चालू असताना, संध्याकाळच्या शेवटच्या वेळेला आम्ही बर्फीला नेले. मध्येच वीज गेली, इन्व्हर्टरवर ब्लोअर चालत नव्हता, आणि वरवर कोरडी दिसणारी बर्फी आम्हाला परत दिली गेली. पाचव्या दिवशी तिच्या मांडीवर रुपयाएवढा ओला, लालभडक चट्टा दिसला, दुसऱ्या दिवशी तो तळहाताएवढा झाला. आत दमट राहिलेला लोकरीचा थर, कोंदट हवा आणि तिचे सततचे चाटणे यांतून ते झाले होते. सांगलीच्या माणसाचा पहिला उपाय हळद. मी तो केला, त्यामुळे चट्टा बरा तर झाला नाहीच, उलट पांढऱ्याशुभ्र मांडीवर पिवळा डाग महिनाभर मिरवत राहिला. अखेर पशुवैद्यांनी तेवढ्याच जागेचे केस काढून औषध दिले आणि गळ्यात प्लास्टिकची कॉलर अडकवली. दुकानात हे सांगितल्यावर मालक प्रथम म्हणाले की तुमच्या अंगणात ती भिजली असेल. मी पशुवैद्यांची चिठ्ठी पुढे केली, तेव्हा त्यांनी चूक मान्य केली आणि पुढच्या आंघोळीचे पैसे घेतले नाहीत. त्यानंतर पावसाळ्यात ते दुपारी तीननंतर दाट केसांचा कुत्रा घेत नाहीत. मीही पैसे देण्याआधी मांडीच्या आणि मानेच्या केसांत बोटे खोल घालून ओलावा तपासते. तुम्हीही तपासावा, दुकान कोणतेही असो.

दुसरी उणीव अजून दूर झालेली नाही. काउंटरवर सुके खाद्य मोठ्या उघड्या पोत्यातून किलोवर विकले जाते. फोडलेले पोते दमट हवेत आठवडेच्या आठवडे तसेच राहिले की त्यातील चरबी खवट होते, पावसाळ्यात बुरशीही धरते, आणि पोत्यावरची मुदत पिशवीत येत नाही. केसांच्या बाबतीत इतका कडक असलेला माणूस येथे सैल का, हे मला कळलेले नाही. मी एकदा विचारले, तेव्हा “गिऱ्हाईक सुटंच मागतंय,” असे उत्तर मिळाले. पण गिऱ्हाईक भादरायलाही सांगतेच की! आम्ही बंद पिशवीच घेतो, तीही दुसरीकडून.

बसायची जागा अगदीच अपुरी आहे. बाहेर एकच बाकडे, त्यावर दोन कुत्री शेजारी आली की भांडण ठरलेले, आणि शेजारच्या दुकानात सशांचा पिंजरा दर्शनी ठेवलेला असतो. हस्की माणसांशी कितीही प्रेमळ असला तरी लहान जनावर दिसले की त्याच्यातला शिकारी जागा होतो. बर्फीने एकदा हिसडा देऊन माझ्या हातातून दोरी सोडवली होती, ती मदतनीस मुलाने पायाखाली दाबली म्हणून निभावले. आता आम्ही गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरतो आणि आमची पाळी येईपर्यंत गाडीतच, एसी चालू ठेवून, बसतो.

दराबद्दल सांगायचे तर साध्या आंघोळीचे ९०० रुपये आणि केस मोकळे करण्यासह पूर्ण कामाचे १,८०० रुपये आम्ही देतो. पहिल्यांदा ऐकून यजमानांनी ‘एवढ्यात माझी वर्षभराची कटिंग होते’ असे म्हटले होते. तीन तासांचे दोन माणसांचे श्रम पाहिल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. बिल मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. एप्रिल आणि मे महिन्यांत सकाळी आठची वेळच घ्यावी लागते, कारण दहानंतर डांबरी रस्त्यावरून कुत्र्याला चालवत आणू नका असे ते बजावतात. तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा, तुम्हाला सोसवत नसेल तर तिच्या पंज्यांनाही सोसणार नाही, ही त्यांनी सांगितलेली खूण मी आता रोजच्या फिरण्यातही पाळते. उन्हाळ्यात बर्फीचे फिरणे पहाटे साडेपाचला आमराईपर्यंत आणि रात्री नऊनंतर गल्लीत, एवढेच असते. दिवसभर कूलर, ओली फरशी आणि पाण्याच्या भांड्यात बर्फाचे खडे. कूलरमुळे मेमध्ये बरे वाटते, पण जूनच्या दमट हवेत त्याचा उपयोग होत नाही, तेव्हा दुपारी तास-दोन तास एसी लावावाच लागतो. हस्की घेण्याचा विचार करणाऱ्यांनी ग्रूमिंगच्या आधी हा खर्च धरावा.

यंदाच्या जानेवारीत बर्फीच्या डोळ्यांभोवती आणि ओठांच्या कडांना खपल्या धरू लागल्या. काउंटरमागे मलमांच्या चार-पाच डब्या रचलेल्या असतात, त्यांतील एखादी मालकांनी सहज खपवली असती. त्यांनी आंघोळ न घालताच आम्हाला पशुवैद्यांकडे पाठवले. हस्कींमध्ये आढळणारा, जस्ताच्या कमतरतेशी निगडित असा कातडीचा विकार निघाला; मोजून दिलेल्या गोळ्यांनी दीड-दोन महिन्यांत खपल्या गेल्या. जस्त जास्त झाले तर तेही विषारी ठरते, त्यामुळे या गोळ्या स्वतःच्या मनाने आणून देण्याच्या नव्हेत.

आतला थर आता पुन्हा सुटू लागला आहे. घरी मी दर रविवारी अंगणात रेक फिरवते आणि नात केसांचे गोळे पिशवीत भरते. दुकानातील पुढची वेळ दिवाळीच्या आदल्या आठवड्यातील, सकाळी आठची घेतली आहे, कारण फटाके सुरू झाल्यावर बर्फी घराबाहेर पाऊल टाकत नाही, आणि तेव्हा तिला ब्लोअरसमोर उभे करण्याची हिंमत मालकांचीही होत नाही.