नगरपालिकेशी भांडण: समेट, लवाद, कोर्ट का संप? काय निवडायचं

बीड घ्या, हिंगोली घ्या, उदगीर घ्या, सफाई कामगारांच्या मीटिंगमध्ये दोन आवाज असतातच, एक म्हणतो उद्यापासून झाडू खाली ठेवा, दुसरा म्हणतो कोर्टात खेचू. मला विचाराल तर आधी मागणी कसली आहे ते बघा, रस्ता त्यावरून ठरतो. थकलेला पगार, पगारातला फरक, पीएफ, गमबूट, हातमोजे ही पैशाची मागणी झाली. ठेकेदाराकडून काढून पालिकेत कायम करा, ही दर्जाची मागणी. ह्या दोन्ही एकाच मागणीपत्रात कोंबल्या की दुसरीपायी पहिलीपण लटकते, हे मी पोटतिडकीनं सांगायलोय.

पैशाची मागणी असेल तर समेट, म्हणजे कामगार खात्याचा अधिकारी मध्ये बसवून तडजोड. सहायक कामगार आयुक्तांकडं मागणीपत्र द्यायचं, वकील लागत नाही, खर्च जवळपास नाहीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता हा नवा कामगार कायदा लागू झालाय, त्यात समेट अधिकाऱ्याला ४५ दिवसांत अहवाल द्यावा लागतो आणि संपाची नोटीस लागलेली असली तर १४ दिवसांतच, म्हणून नोटीस सोबत द्या असं माझं मत आहे. खरा फायदा असा की समेटात सही झालेला करार सगळ्या कामगारांना लागू होतो, युनियनमध्ये नसलेल्यांना आणि नंतर कामावर आलेल्यांनाही. पण इथंच आपले लोक फसतात, साहेब गोड बोलतात, बैठकीचं इतिवृत्त हातात पडतं आणि सगळे जिंकलो म्हणून घरी जातात. इतिवृत्त म्हणजे करार नाही. दोन्ही बाजूंच्या सह्या, रक्कम, तारीख हे सगळं त्यात पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांनी परत तिथंच.

लवाद कागदावर चांगला आहे, दोघांनी लेखी संमती दिली की तिसरा माणूस निकाल देतो. पण पालिकेचा पैसा बराचसा सरकारच्या अनुदानावर, त्यामुळं दुसऱ्यानं ठरवलेला आकडा मुख्याधिकारी आधीच मान्य करतील ही आशा धरू नका.

दर्जाची मागणी असेल तर मात्र औद्योगिक न्यायाधिकरणच, म्हणजे कामगारांच्या वादाचं कोर्ट. पूर्वी समेट फिसकटला की सरकारनं वाद कोर्टाकडं पाठवावा लागायचा, म्हणजे जिथं मालकच सरकारी तिथं दाराची किल्लीपण सरकारकडंच, आता अहवाल आल्यापासून ९० दिवसांत आपण थेट अर्ज करू शकतो आणि हा बदल आपल्या कामाचा आहे. वेळ लागतो, वर्षं जातात, खोटं कशाला सांगू. पण कचरा वाहतूक श्रमिक संघानं मुंबई महापालिकेशी लढून २,७०० ठेका कामगारांना कायम करून घेतलं, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. हे मोर्चाच्या घोषणेनं झालं नसतं. तिथं कागद बोलतो, त्यामुळं हजेरी, ओळखपत्र, बँकेतला पगार, पीएफची पावती आजपासून जमवा, आणि अर्जात ठेकेदारासोबत पालिकेलापण पार्टी करा. एक लक्षात ठेवा, केस चालू असताना आणि निकालानंतर ६० दिवस संप करता येत नाही.

आता संप. १४ दिवस आधी नोटीस लागतेच, समेट चालू असताना आणि संपल्यावर ७ दिवस संप बेकायदा, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी मिळून किरकोळ रजा टाकली तरी तो संपच धरतात. नोटीस न देता दहा जण मिळून बसले तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. एसटीचं बघा ना, २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंत संप चालला, मागणी एसटी सरकारात विलीन करण्याची, ती मिळाली नाही, त्यावर नेमलेल्या समितीनंच नकार दिला, पगारवाढ मात्र नोव्हेंबरमध्येच जाहीर झाली होती. किती घरांनी ते महिने पगाराशिवाय काढले. सप्टेंबर २०२४ मध्ये तेच कामगार पगारासाठी बसले आणि दोन दिवसांत ६,५०० रुपये वाढ घेऊन उठले. दोन्ही वेळी मालक तोच आणि कामगारपण तेच, फरक मागणीत होता, एवढंच मी म्हणायलोय.

तहसील, कलेक्टर ऑफिसातले राज्य सरकारी कर्मचारी असाल तर हे गणित वेगळं आहे. तुमच्या सेवेच्या तक्रारीला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरलाच आहे, पण सामूहिक मागणीला तिथं फार जागा नाही, आणि सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नाही असं सुप्रीम कोर्टानं २००३ मध्येच सांगितलंय. २०२३ च्या मार्चमधला जुन्या पेन्शनचा संप आठवडाभरात समितीच्या आश्वासनावर मिटला.

पालिकेच्या कामगारांनी पगाराचं मागणीपत्र ह्या महिन्यात टाकावं, कायम करण्याचं वेगळं. समेटाच्या पहिल्याच तारखेला समोर जो साहेब येईल त्याच्याकडं सही करायचा अधिकार आहे का ते लेखी मागा, नसेल तर तशी नोंद समेट अधिकाऱ्याकडून करून घ्या आणि मुख्याधिकाऱ्यांना स्वतः बोलवायला सांगा.