मॅनईटर: सात महिने शार्क होऊन काय मिळालं

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच देऊन टाकतो. हा व्हिडिओ गेम सेलमध्ये दिसला तर डोळे झाकून घ्या, पूर्ण किमतीला असेल तर थांबा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, मी जरा लांबण लावणार आहे.

पीएस४ वर (सोनीचा गेम कन्सोल) घेऊन सात महिने झाले. गेम तसा जुनाच, २०२० च्या मे महिन्यातला, ट्रिपवायर इंटरॅक्टिव्ह कंपनीचा. मी घेतला तो निव्वळ कंटाळ्यापोटी, कारण रात्री पोरगी झोपल्यावर तास-दीड तास हातात येतो आणि त्यात ते शंभर तासांचे गेम सुरू करायचे, मग दोन आठवड्यांनी परत लावल्यावर हा राजा कोण, तो शाप कोणाला, आपण इथे का उभे आहोत काहीच आठवत नाही, दिवसभर ऑफिसात तेच केलेलं असतं. इथे तसली भानगड नाही. तुम्ही बुल शार्क आहात, भूक लागलीये, खा.

स्टोरी आहे पण. सुरुवातीला तुम्ही एक मोठी मादी असता, किनाऱ्यावरच्या लोकांना खात खात बटणं शिकता, आणि हात बसतोय तोवर स्केली पीट नावाचा शिकारी तिला पकडून पोट फाडतो, आतलं पिल्लू बाहेर काढतो, पुढे मोठं झाल्यावर ओळखू यावं म्हणून त्याच्या अंगावर सुरीने खूण करतो. पिल्लू पण त्याच मायचं, ते त्याचा हातच तोडून पाण्यात पळतं. इथून पुढे ते पिल्लू म्हणजे तुम्ही. एवढं बघून मी कंट्रोलर खाली ठेवून दोन मिनिटं हसत होतो, कारण सूड घ्यायचाय तो माशाला, आणि माणूस पण तितकाच पेटलेला.

आता खरी मजा कुठे आहे ते सांगतो. पहिले चार-पाच तास. तुम्हाला सोडतात फॉटिक बायू नावाच्या दलदलीत, गढूळ पाणी, झाडांची मुळं, बुडालेलं भंगार, आणि मगरी. तुम्ही एवढंसं पिल्लू, कॅटफिश आणि कासवं खाऊन दिवस काढायचे, आणि मगर दिसली की सुटायचं. माझी पहिली मगर मला अजून आठवते. मी एका पाइपातून बाहेर आलो, समोर कासव, म्हटलं चला नाश्ता झाला, त्याला तोंडात धरून झटकतोय (उजवी स्टिक डावी-उजवीकडे हलवत राहायची, अंगठ्याला घट्टा पडलाय माझ्या) आणि मागून कडाप्कन. स्क्रीन लाल. कासव सोडलं, वळलो, तर ती परत तोंड उघडून तयार. तीन वेळा मेलो. चौथ्या वेळी कळलं की ती झडप घालायच्या आधी क्षणभर थबकते, तेवढ्यात बाजूला सटकायचं आणि पोटाकडून चावा घ्यायचा. ती मेली तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते आणि मी बायको उठेल म्हणून तोंडावर उशी धरून ओरडलो.

खाल्लं की प्रोटीन, फॅट, मिनरल्स वगैरे जमा होतं, ते ग्रोटोत म्हणजे तुमच्या गुहेत जाऊन खर्चायचं, अंग वाढतं. पिल्लू, टीन, अडल्ट, एल्डर आणि शेवटी मेगा, लेव्हल ३० पर्यंत. मग शार्कच्या अंगावर चढवायचे तीन प्रकारचे सेट, हाडांचा, विजेचा आणि सावलीचा. मी हाडांचा वापरला, त्याने बोटी अशा फुटतात की जणू पापड. एक अवयव असा मिळतो की जमिनीवर पण बराच वेळ तग धरता येतो, मग काय, उडी मारून लोकांच्या पार्टीत शिरायचं. हे लिहिताना पण हसू येतंय.

पण घोळ इथेच आहे. अंग वाढलं की भीती संपते, आणि भीती संपली की गेम अर्धा संपतो. दहा कॅटफिश खा, दहा माणसं खा, अमुक जागी जाऊन अमुक मासा मार, मग पुढच्या भागात परत तेच. जागा बदलतात म्हणून चालून जातं, डेड हॉर्स लेकचं घाण पाणी वेगळं, प्रॉस्पेरिटी सँड्सचं रिसॉर्ट वेगळं, गल्फमध्ये खोल अंधार, दिसायला खरंच छान. पण काम म्हणाल तर झाडू मारल्यासारखं. ॲपेक्स म्हणजे प्रत्येक भागातला दादा प्राणी, त्यांची लढाई बरी असते, ओर्का (किलर व्हेल) तर डोकं फिरवतात, बाकी मधला भाग मी पॉडकास्ट लावून खेळलो.

दुसरी तक्रार कॅमेऱ्याची. पाण्यात वर-खाली-मागे सगळीकडून हल्ला होतो आणि एका शत्रूवर नजर खिळवायचं लॉक पक्कं बसत नाही, बटण दाबलं की तोंड शत्रूकडे वळतं तेवढंच, तो सरकला की परत शोधा. चार शिकारी बोटी वरून गोळ्या घालतायत, खालून कोणीतरी शेपटी धरलीये आणि तुम्ही बघताय समुद्राचा तळ. सवय होते पण आवडत नाही.

यातून गेम तारतो तो निवेदक. सगळं एका रिॲलिटी शोसारखं दाखवलंय आणि आवाज अमेरिकन विनोदी नट ख्रिस पार्नेलचा, अगदी शांत, मास्तरांसारखा, तुम्ही कोणाला तरी अर्धं गिळलेलं असताना तो श्रीमंतांच्या बंगल्यांवर टोमणे मारतो. बुडालेल्या प्रत्येक वस्तूजवळ त्याचा एक किस्सा असतो. नंबरप्लेटा गोळा करायच्या असतात त्या मी केल्या नाहीत, पण किस्से सगळे ऐकले. इंग्रजी थोडं फास्ट आहे, सबटायटल लावा.

शार्क दलदलीत कशी काय, असं माझ्या भावाने विचारलं, तर बुल शार्क खरंच गोड्या पाण्यात जाते, १९३७ मध्ये मिसिसिपी नदीत पार इलिनॉयमधल्या ऑल्टनपर्यंत गेलेली सापडली होती. लांब कशाला, २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरात मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत एकाच्या पायाला शार्कने चावा घेतला ती बातमी वाचली असेल, ती पण बुल शार्कच असल्याचं छापून आलं होतं. तेव्हा तेवढी गोष्ट गेमवाल्यांनी उगाच फेकलेली नाही. रेडिएशन आणि वीज सोडणारी शार्क मात्र फेकलेलीच आहे.

गणपतीत मालवणला गेलो तेव्हा कन्सोल सोबत नेलेला. मामाचा पोरगा, दहावीतला, बाजूला बसून बघत होता (गेममध्ये रक्त भरपूर आहे, बारक्या पोरांसमोर लावू नका, नंतर मामीने मला ऐकवलं ते ऐकवलंच). थोड्या वेळाने म्हणाला, "दादा, ही मोरीच ना रे? आईने गेल्या आठवड्यात मटण केलं तीच?" मोरी म्हणजे कोकणात खातात ती छोटी शार्क, म्हटलं त्याच घराण्यातली. तो म्हणाला मग बरोबर आहे, खाऊदे तिला माणसं. मला यावर काही बोलता आलं नाही.

ट्रुथ क्वेस्ट म्हणून पुढचा भाग आहे, २०२१ चा, लेव्हल ४० पर्यंत जाते, प्लोव्हर आयलंड नावाचं नवं बेट. मी घेतला, एका वीकेंडला उरकला. मूळ गेम आवडून वर भूक राहिली असेल तरच.

स्टोरी मला बारा-तेरा तास पुरली. पैसे वसूल म्हणायचं तर सेलच्या किमतीत नक्की झाले. पण सात महिने टिकला तो मेगा शार्कमुळे नाही. तिला घेऊन आता मी फिरतच नाही, समोर जो येईल तो एका घासात संपतो, त्यात राम नाही. मी गेल्या महिन्यात गेम पहिल्यापासून सुरू केलाय आणि मुद्दाम हळू वाढवतोय, ग्रोटोत जातो पण अपग्रेड घेत नाही. रोज वीस मिनिटं. काल रात्री पाइपाच्या तोंडाशी मगर बसली होती, मी आत, आणि पोरीने हाक मारली म्हणून पॉज करून उठलो. अजून तिथेच आहे.