अलिबाग ते रेवदंडा सायकल टूर: सायकल ठीकठाक, वाट एक नंबर

सगळ्यात आधी सांगते, ज्यांना सायकलिंग म्हणजे टाइट कपडे, ताशी तीसचा स्पीड आणि घरी येऊन स्ट्राव्हा ॲपचा स्क्रीनशॉट असं वाटतं त्यांच्यासाठी हे नाहीये. अख्ख्या दिवसात वीस-बावीस किमी होतात, तेही शहाळं पीत, देवळात टेकत, मधेच कोणाच्या तरी वाडीत घुसून. आम्ही चौघं होतो, मी, हे, आणि ह्यांच्या ऑफिसातलं एक जोडपं, आणि ह्यातल्या कोणी शेवटची सायकल कधी चालवली होती ते न विचारलेलं बरं. तरी कोणाची दमछाक झाली नाही. कोकण म्हटलं की लोकांना घाट आणि वळणं आठवतात, पण अष्टागराची, म्हणजे अलिबागच्या आसपासच्या आठ गावांची, ही समुद्रालगतची पट्टी एकदम सपाट आहे, दिवसभरात चढ म्हणावा असा आक्षीच्या खाडीवरचा पूल सोडला तर काही नाही.

सर्व्हिसचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण पुढे थोडी तक्रारपण आहे, आणि उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. माणशी १८०० घेतले. त्यात सायकल, हेल्मेट, नाश्ता, सोबत एक लोकल पोरगा आणि संध्याकाळी रेवदंड्याहून सायकली टेम्पोत टाकून आपल्याला परत अलिबागला आणून सोडणं. जेवणाचे पैसे वेगळे. बुकिंगच्या आधी ह्यांनी अर्थातच हिशेब मांडला की नुसती सायकल भाड्याने घेतली तर ह्याच्या पाव पैशात काम होतं, मॅप तर फोनमध्ये आहेच. आहे ना, पण मॅप तुम्हाला सरळ अलिबाग-रेवदंडा मेन रोडने काढतो आणि तो रोड शनिवार-रविवारी कसा असतो हे जाऊन आलेल्यांना माहितीये, अरुंद रस्ता, त्यात एसटी, त्यात मुंबई-पुण्याच्या मोठ्या गाड्या, त्यात रिक्षा, आणि सायकलवाल्याने गटारात जावं अशी सगळ्यांची एकमताने इच्छा. हे पैसे तुम्ही सायकलचे देतच नाही, आतल्या वाटेचे देता. कुठल्या आळीतून गेलं की कुठे निघतं, कुठली वाट वाडीतून जाते आणि मालक काही बोलत नाहीत, कुठलं कुत्रं नुसतं भुंकतं आणि कुठलं खरंच येतं, हे त्या पोराला तोंडपाठ. एवढ्यासाठी मी परत पैसे देईन.

सकाळी साडेसहाला निघालो. अलिबागात कान्होजी आंग्र्यांची समाधी बघितली (१७२९ मध्ये गेले ते, समाधीजवळ सकाळी शांतता असते, नंतर गाड्या लागतात) आणि तिथून चुंबकीय वेधशाळेच्या बाहेरून पुढे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी चुंबकाची मापं बिघडणार, म्हणून कुलाब्याची ही वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आणली, आणि इमारतीतसुद्धा लोखंड टाळलं. आता अशा जागी पाच लोखंडी सायकली कोण आत घेणार, गेटवरूनच नमस्कार.

आक्षीला रस्त्याच्या कडेला तो प्रसिद्ध शिलालेख आहे, शके ९३४, म्हणजे १०१२ सालचा, शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला, मराठीतल्या सगळ्यात जुन्या कोरीव लेखांपैकी. वर चंद्र-सूर्य आहेत. वर्षानुवर्षं हा दगड असाच रस्त्याकडेला पडलेला असायचा, आता नीट उभा केलाय. गाडीतून जाताना शंभरातले नव्व्याण्णव लोक हा बघत नाहीत, बघूच शकत नाहीत. सायकलवर असलं की पाय टेकला की झालं. मी बराच वेळ अक्षरं लावत बसले, एकही लागलं नाही ते सोडा. तिथून आत वळलं की आक्षीचं सुरूचं बन, खाली सुयांचा जाड थर, टायरचा आवाजच येत नाही. फक्त वाळू सुरू झाली की उतरा, पातळ टायर रुततो आणि माणूस आडवा होतो (ऑफिसातले भावोजी झाले, लागलं नाही).

खरी मजा नागाव ते चौल. इथे मोठा रस्ता सोडून पूर्ण वाड्यांमधून नेतात, दोन्हीकडे नारळ, मधे सरळसोट पोफळी, पोफळीवर चढलेले मिरीचे वेल, खाली केळी, जायफळाचं एखादं झाड, आणि ह्या सगळ्याच्या खाली दहा वाजतासुद्धा एवढा गारवा की घाम येतो पण जाणवत नाही. मधूनमधून आभाळ एकदम मोकळं दिसतं, तिथे विचारलं तर उत्तर एकच, निसर्ग. ३ जून २०२० चं वादळ. एका आजींच्या वाडीत आम्ही पाण्याला थांबलो, त्या म्हणाल्या, "नारल काय, सुपारी काय, दुपारपतूर सगला आडवा." आता लावलेली पोफळ डोक्याएवढी झालीये पण सुपारी धरायला अजून वर्षं जाणार, तोवर खालची केळी आणि वर बांधलेल्या दोन खोल्या, म्हणजे होमस्टे, ह्याच्यावर घर चालतं. त्यांच्या विहिरीवर जुन्या रहाटाचे दगडी खांब उभे आहेत, शेजारी पंप. पाटाने पाणी सोडायचे ते पाट मात्र अजून वापरात आहेत. आजींनी पाण्याबरोबर गूळ दिला आणि पैसे विचारले तर रागावल्या, मग आमच्या पोराने सांगितलं की पांढरा कांदा असेल तर घ्या, म्हणून कांद्याच्या दोन माळा घेतल्या. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये जीआय मिळालाय, म्हणजे ह्याच भागाचा असल्याचा सरकारी शिक्का, त्यामुळे हायवेला कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपवतात, इथे निदान शेत समोर दिसतं. माळा हँडलला लटकवून पुढचा सगळा प्रवास. ह्यांना लाज वाटत होती, मला नाही.

चौलला रामेश्वराच्या देवळात मोठा हॉल्ट असतो. समोर पुष्करणी, दीपमाळा, कौलारू सभामंडप, आत गार फरशी. बसा निवांत. गाव इतकं शांत आहे की इथे कधीकाळी मोठं बंदर होतं ह्यावर विश्वास बसत नाही, दहाव्या शतकात अरब प्रवासी अल मसूदी इथे येऊन गेला, १५०८ मध्ये इथल्याच पाण्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लढाईत मारला गेला. आता तळ्यावर म्हैस आणि एक गृहस्थ गळ टाकून. चौलची तीनशेसाठ देवळं आणि तीनशेसाठ तळी असं सांगतात, मोजायला कोण गेलंय, पण दर वळणावर एक तळं लागतं हे खरं. भोवाळ्याच्या दत्ताचा डोंगर लांबून दाखवतात, पायऱ्या चढायच्या असतील तर सायकली खाली ठेवून जाता येतं. आम्ही लांबूनच हात जोडले.

आता तक्रारी. एक, सीट. सगळ्या सायकलींना ती अरुंद कडक रेसिंगवाली सीट, आणि येणारं गिऱ्हाईक कोण तर आमच्यासारखं चाळिशी ओलांडलेलं. जाड कव्हर दोनच होती, ती बायकांना मिळाली, त्यावरून हे दुपारभर गप्प. दोन, माझ्या सायकलचे मागचे गिअर पडतच नव्हते, चेन गंजलेली. समुद्राच्या खाऱ्या हवेत चेन गंजणारच, मान्य, पण मग रोज पुसून तेल घालायला हवं ना, त्यात काय खर्च आहे. सपाट रस्ता म्हणून एका गिअरवर निभावलं. पंक्चर झालं तेव्हा मात्र पोराने पाचव्या मिनिटाला ट्यूब बदलली, पंप-बिंप सगळं जवळ, तिथे पैकीच्या पैकी.

तीन, इतिहास. पोरगा गोड आहे, रस्ता दाखवण्यात त्याचा हात धरणारा नाही, पण दर किल्ल्यापाशी एक भुयार आणि एक राणी. रेवदंड्याच्या सातखणी मनोऱ्याला त्याने सात मजली राजवाडा केलं आणि तिथून खाडीपलीकडच्या कोर्लई किल्ल्यापर्यंत खाडीखालून भुयार काढलं. तो पोर्तुगीजांच्या चर्चचा मनोरा, सातातले थोडेच खण उरलेत, खाली तोफा पडल्यात. भुयाराची गरजच नाही हो, नुसतं उभं राहून वर बघितलं तरी पुरे आहे. सर्व्हिसवाल्यांनी ह्या पोरांना एक पानभर नीट माहिती लिहून दिली तर टूर दुप्पट चांगली होईल.

जेवण चौल-रेवदंड्याच्या मधे एका घरगुती खानावळीत, आधी सांगावं लागतं. तांदळाची भाकरी, सुरमईची तुकडी, सुकटीची चटणी, सोलकढी. जिताडा मासा हवा तर आदल्या दिवशी सांगा आणि खिसा बघून सांगा. व्हेजवाल्यांना वालाचं बिरडं मिळालं आणि आमच्यातल्या व्हेज वहिनी सगळ्यात खूश होत्या. थंडीत गेलात आणि ग्रुप मोठा असेल तर संध्याकाळी पोपटी लावून देतात, वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात. आम्ही चारच, म्हणून नाही मिळाली.

जेवल्यावर थेरोंड्याच्या कोळीवाड्यातून रेवदंडा. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो, नाक मुरडणाऱ्यांनी मेन रोडने जावं. रेवदंडा म्हणजे किल्ल्याच्या आत गाव की गावात किल्ला ते कळत नाही, रस्ताच तटातून आत शिरतो आणि आत पुन्हा वाड्या, घरं, शाळा. १५२०च्या दशकात पोर्तुगीजांनी बांधलेला, १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. आत तटाच्या कडेकडेने सायकलने फिरता येतं आणि हा शेवटचा तास अजिबात चुकवू नका, एका बाजूला काळा तट, दुसरीकडे माड, समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो. शाळेच्या आवारात रशियन प्रवासी अफानासी निकितिनचं स्मारक आहे, पंधराव्या शतकात तो चौलला उतरला होता, वास्को द गामाच्याही आधी. गावात बेने इस्रायली लोकांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉगसुद्धा (प्रार्थनास्थळ) आहे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून ह्यांना इकडे शनिवार तेली म्हणायचे, हे मला माझ्या पेणच्या आत्याने लहानपणी सांगितलेलं, इथे येऊन ते सिनेगॉग बघताना फार बरं वाटलं. टूरमध्ये हे नाहीये, आम्ही हट्टाने थांबवलं.

अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला ह्या टूरमध्ये बसत नाही, कारण तो ओहोटीवर अवलंबून. दुसऱ्या दिवशी आपला आपण करा. वेळ काढायची रीत त्याच पोराने शिकवली, कालनिर्णय बघा, तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. दुसऱ्या दिवशी सप्तमी होती, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला भरती, सहा तास मागे सव्वाअकराला ओहोटी, म्हणून साडेदहाला किनाऱ्यावर या. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे, असल्याने पाणी पूर्ण हटलं नव्हतं, पोटऱ्या भिजल्या, नको असेल तर घोडागाडी मिळते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पुनवेला, पाणी जास्त हटतं पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, त्या हिशेबाने ठरवा.

बुकिंग करताना मधला वार घ्या, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीच. सीटचं कव्हर घरून न्या, फोनवर सांगून ठेवलं तरी भरवसा नाही. पैसे जीपेने चालतात पण वाडीत आत नेट नसतं, शहाळ्यापुरते सुटे जवळ ठेवा.