घोड्यासोबतची सत्रे की खोलीतले समुपदेशन?

दापोलीच्या माझ्या मावसबहिणीला आणि तिच्या यजमानांना आपले प्रत्येक बोलणे भांडणावरच का येते, हे समजून घ्यायचे आहे. मात्र अश्वसाहाय्यित उपचार, म्हणजे समुपदेशकासमोर घोड्यासोबत काम करत घ्यायची सत्रे, घ्यावेत की खोलीत बसून साधे समुपदेशन, हे तिचे ठरत नाही.

घोडा मुळात भक्ष्य होणारा प्राणी असल्यामुळे माणसाची ताठरलेली मान आणि घाईची पावले त्याला चटकन जाणवतात. अशा बहुतेक सत्रांत स्वारी नसतेच. दोघांनी मिळून घोड्याला मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचे, एवढेच काम असते. एकाने हुकूम सोडावेत, दुसऱ्याने गप्प राहावे आणि घोड्याने कान मागे पाडून जागीच उभे राहावे, असे घडले की घरातले चित्र उघड्यावर येते. समुपदेशनात तिथवर शब्दांतून पोचायला वेळ लागतो, पण त्यामागचे संशोधन अधिक भक्कम आहे.

खर्चात घोडा महागच, कारण चारा, नालबंद, मैदान आणि समुपदेशकाखेरीज घोड्यांचा जाणकार, एवढे सगळे लागते. शिवाय कोकणात पावसाळ्याचे चार महिने उघडे मैदान म्हणजे चिखल. (किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणणारा घोडा म्हणजे उपचार नव्हे.) टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक तर विनामूल्य आहे.

ज्यांना बोलता येते पण ऐकून घेता येत नाही, त्यांनी समुपदेशनापासून सुरुवात करावी. तोंडच उघडत नसेल आणि प्रवासाची तयारी असेल, तर घोड्याकडे जावे. बहिणीला मी समुपदेशनाचाच मार्ग सुचवला आहे.